४३० अर्ज आणि पत्रातली एक ओळ

या वेळचे पत्र २५ वर्षांच्या एका वाचक मुलीचे आहे. तिच्या विनंतीवरून नाव छापलेले नाही. पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

'मी मूळची उदगीरची. बी.कॉम. तिथेच केले आणि साडेसहा लाखांचे शैक्षणिक कर्ज काढून नवी मुंबईत फायनान्समध्ये एमबीए केले. अभ्यासक्रम संपून ११ महिने झाले. डोंबिवलीत तीन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. आतापर्यंत ४३० ठिकाणी अर्ज केले, ९ मुलाखती झाल्या, बहुतेकांकडून उत्तरच येत नाही. मुंबईत फायनान्सच्या नोकऱ्यांना तोबा गर्दी आहे, म्हणून मी सगळीकडे 'फायनान्समध्ये काहीही चालेल' असेच सांगते. शेवटच्या मुलाखतीत घसाऱ्यावर एक साधा प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले. शिकत असताना ठाण्यातील एका शेअर दलालाकडे दोन महिने इंटर्नशिप केली, पण तिथे काही शिकायला मिळाले नाही. रोज बँकेचे स्टेटमेंट आणि ग्राहकांची खाती जुळवायची आणि सस्पेन्समध्ये, म्हणजे मालक न कळलेल्या पैशांच्या तात्पुरत्या खात्यात, पडलेल्या रकमा कोणाच्या ते शोधायचे, एवढेच काम होते. एकदा त्यातल्या सात रकमा ग्राहकांच्या नव्हे, तर त्यांच्या नातेवाइकांच्या खात्यांतून आल्याचे मी दाखवले, तेव्हा साहेबांनी त्या परत पाठवायला लावल्या. आता ऐरोलीतील एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये, एजन्सीच्या पेरोलवर, केवायसीचे काम मिळते आहे. हातात १९ हजार येतील. मैत्रिणी म्हणतात, एकदा बॅक ऑफिसला गेलीस की तिथेच अडकशील. दुसरीकडे एक कन्सल्टंट ४० हजार रुपयांत एका वर्षाच्या अनुभवाचे पत्र आणि मोठ्या बँकेत नोकरी देतो म्हणतो. सीएफए, म्हणजे गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा, करावी का, असेही मनात येते. जुलैपासून कर्जाचा हप्ता सुरू होईल. बाबांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. ते दर रविवारी फोनवर विचारतात, काही झाले का, आणि मला उत्तर देता येत नाही. मी परत जाऊ का?'

सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी त्या ४० हजारांबद्दल लिहिते, कारण बाकीच्या प्रश्नांना थोडा वेळ आहे, याला नाही. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका आणि तुमच्या मूळ गुणपत्रिका, आधार किंवा पॅनच्या प्रतीही त्याच्याकडे पाठवू नका. नोकरभरती करून देणाऱ्या खऱ्या संस्थेला तिचे शुल्क कंपनी देते. उमेदवाराकडून 'रजिस्ट्रेशन', 'ट्रेनिंग' किंवा 'परत मिळणारे डिपॉझिट' अशा कोणत्याही नावाने पैसे मागितले गेले, की तिथेच संभाषण संपवावे. पण यातला पैशांचा भाग मला तितका भयंकर वाटत नाही, जितका ते अनुभवाचे पत्र वाटते. वित्तक्षेत्रातील बहुतेक मोठ्या संस्था नेमणुकीच्या वेळी उमेदवाराची पार्श्वभूमी तपासून घेतात आणि त्यात मागील नोकरीचा पीएफ कुठे, किती महिने जमा झाला हे पाहिले जाते. ज्या कंपनीत तुम्ही कधी गेलाच नाहीत, तिच्या नावाने पीएफच्या पासबुकात एकही नोंद असणार नाही, आणि हा खोटेपणा उघडा पडायला तेवढे पुरते. मग नोकरी जाते हे तर आहेच, पण पैशांच्या व्यवहारात ज्याची सचोटी एकदा संशयात आली, त्याला हे क्षेत्र सहसा पुन्हा दार उघडत नाही. आतापर्यंत काही रक्कम दिली असेल, तर आजच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. अशा बाबतीत लाज वाटून घेण्यात गेलेला प्रत्येक तास त्या माणसाच्या फायद्याचा असतो.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते.

तुम्ही लिहिता की मुंबईत फायनान्सच्या नोकऱ्यांना तोबा गर्दी आहे. ती आहेच, आणि ती का आहे हे समजून घेतले तर तिच्यातून वाट काढता येईल. रिझर्व्ह बँक इथे आहे, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी इथे आहे, १८७५ पासूनचा मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार, दोन्ही इथेच आहेत. त्यामुळे देशभरातून वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या पदव्या घेऊन निघालेली मुले मुंबईचेच तिकीट काढतात, आणि त्यातली बहुतेक एकाच प्रकारच्या खुर्च्यांकडे पाहत असतात. गुंतवणूक बँका, संशोधन विभाग, फंड व्यवस्थापन, डीलिंग रूम ही त्या खुर्च्यांची जागा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आणि लोअर परळच्या काचेच्या इमारतींतील या खुर्च्या मुळात थोड्या आहेत आणि त्या मोजक्या व्यवस्थापन संस्थांच्या कॅम्पसमधून किंवा सीए झालेल्यांमधून भरल्या जातात. मला हे लिहिताना वाईट वाटते, पण आज तुम्ही त्या रांगेत थेट उभ्या राहून तुमचा नंबर लागणार नाही, हे तुम्हाला ११ महिन्यांपूर्वीच कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे होते. तुमच्या संस्थेने प्रवेश देताना नेमके याच खुर्च्यांचे फोटो माहितीपत्रकात छापले असणार, याची मला खात्री आहे.

मात्र एका सौद्यामागे किती हात लागतात ते पाहा. शेअर विकला की लगेच पुढच्या कामाच्या दिवशी पैसे आणि शेअर यांची देवाणघेवाण पूर्ण झालीच पाहिजे. २७ जानेवारी २०२३ पासून आपला रोखीचा शेअर बाजार पूर्णपणे या टी प्लस वन पद्धतीवर आला. याचा अर्थ, जुळवाजुळवीला पूर्वी जो आणखी एक दिवस मिळत असे, तो आता मिळत नाही. म्युच्युअल फंडांचे एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे मूल्य, रोज रात्री जाहीर व्हावे लागते, लाभांश आणि बोनस शेअरच्या नोंदी कराव्या लागतात, ग्राहकांची ओळख तपासावी लागते, कर्जाच्या प्रत्येक अर्जामागे ताळेबंद, बँक स्टेटमेंट आणि जीएसटीची विवरणपत्रे वाचणारे कोणीतरी लागते. हे काम करणारी माणसे फोर्ट किंवा नरिमन पॉइंटला आता फारशी बसत नाहीत. ती मालाड, पवई, ठाणे, ऐरोली इथे बसतात, आणि पुण्यात खराडी, मगरपट्टा, हिंजवडीला परदेशी बँकांची मोठमोठी केंद्रे याच कामावर उभी आहेत. पुणे तुमच्या पत्रात कुठेच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. गर्दी या कामांतही आहे, पण इथे खुर्च्याही पुष्कळ आहेत आणि त्या सतत रिकाम्या होत असतात, कारण वर्षाचा बोनस हाती पडला की एप्रिल ते जून या काळात माणसे नोकऱ्या बदलतात. तुम्ही हे पत्र नेमके त्याच दिवसांत लिहिले आहे.

तेव्हा 'फायनान्समध्ये काहीही चालेल' असे म्हणणे आजपासून बंद करा. समोरच्याला त्यातून नम्रता दिसत नाही. या मुलीला आपल्याला काय येते तेच ठाऊक नाही, असे तो समजतो. मी २६ वर्षे एका बँकेच्या कर्ज विभागात काम केले आणि त्यातली शेवटची १० वर्षे मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले. ज्या उमेदवाराने 'मला खेळत्या भांडवलाच्या कर्जाचे प्रस्ताव तपासायचे आहेत' असे सांगितले, त्याला बाकी थोडे कमी येत असले तरी आम्ही पुढच्या फेरीला बोलावत असू.

आणि तुम्हाला काय येते, ते तुमच्याच पत्रात आहे. 'काही शिकायला मिळाले नाही' असे म्हणून तुम्ही पुढे जी ओळ लिहिली आहे, ती मी पुन्हा वाचली. सस्पेन्समध्ये पडलेल्या सात रकमा ग्राहकांच्या नातेवाइकांच्या खात्यांतून आल्या आहेत, हे तुम्ही शोधून काढले. शेअर दलालाला ग्राहकाच्या स्वतःच्या, नोंद केलेल्या बँक खात्यातूनच पैसे घेता येतात. तिऱ्हाइताच्या खात्यातून आलेली रक्कम स्वीकारणे सेबीच्या नियमांत बसत नाही, आणि तपासणीत ती सापडली तर दलालाला दंड होतो. तुमच्या साहेबांनी त्या रकमा लगोलग परत पाठवायला लावल्या, त्या यासाठी. म्हणजे दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये, कोणी न शिकवता, तुम्ही रिकन्सिलिएशन, म्हणजे खात्यांची जुळवणी, केले, अपवाद बाजूला काढले आणि नियमभंग होण्याआधी तो वरिष्ठांच्या नजरेस आणून दिला. ऑपरेशन्स, कंप्लायन्स (नियमपालन) आणि लेखापरीक्षण या तिन्ही विभागांत माणूस घेताना नेमका हाच गुण शोधतात.

तुम्ही सोबत पाठवलेल्या बायोडेटात मात्र या ठिकाणी काय लिहिले आहे? 'अकाउंट्स विभागास साहाय्य केले.' पहिले अर्धे पान करिअरच्या उद्दिष्टाने भरले आहे, दुसऱ्या पानावर छंद आहेत आणि वडिलांचे नाव, वैवाहिक स्थितीही आहे. हे सगळे काढा. एकच पान ठेवा, त्यात सर्वांत वर ही इंटर्नशिप घ्या आणि रोज साधारण किती नोंदी जुळवत होतात, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, एक्सेलमध्ये कोणते सूत्र वापरत होतात, सस्पेन्समध्ये काय सापडले आणि पुढे काय झाले, हे चार ओळींत लिहा. ग्राहकांची नावे किंवा खात्यांचे तपशील अर्थातच लिहायचे नाहीत. 'एक्सेलमध्ये प्रवीण' असे कोरडे विशेषण लिहिण्यापेक्षा 'बँक स्टेटमेंट आणि लेजर यांची व्हीलुकअपने जुळवणी करून फरकाची यादी काढते' हे वाक्य दहापट बोलके आहे, कारण ते वाचणारा स्वतः सकाळी तेच करून जागेवर बसलेला असतो.

घसाऱ्याचा प्रश्न कोणता होता ते तुम्ही लिहिले नाही, पण मुलाखतींत वर्षानुवर्षे विचारला जाणारा एकच आहे: घसारा १० रुपयांनी वाढला, तर तिन्ही वित्तीय विवरणांवर काय परिणाम होईल? एक कागद घ्या. कराचा दर सोपा म्हणून २५ टक्के धरा. नफा-तोटा पत्रकात खर्च १० ने वाढला, म्हणून करपूर्व नफा १० ने घटला. कर अडीच रुपयांनी कमी झाला, म्हणून निव्वळ नफा साडेसात रुपयांनी घटला. रोकड प्रवाहात सुरुवात या वजा साडेसातने होते, पण घसाऱ्यात रोख रक्कम बाहेर जात नाही, म्हणून ते १० परत मिळवायचे. रोकड अडीच रुपयांनी वाढली. आता ताळेबंदात या. मालमत्तेच्या बाजूला रोकड अडीचने वर आणि यंत्रसामग्री १० ने खाली, म्हणजे एकूण साडेसातने खाली. दुसऱ्या बाजूला राखीव निधी साडेसातने खाली. दोन्ही बाजू जुळल्या. हे वाचून समजले असे वाटेल, पण मुलाखतीत ते सुचणार नाही. ते रोज एकदा, मोठ्याने बोलत, कागदावर मांडले पाहिजे. आज घसारा, उद्या उधारीवर झालेली विक्री, परवा बुडीत कर्जाची तरतूद. तुम्ही गप्प झालात, कारण हे उत्तर तुम्ही आजवर तोंडाने कधी उच्चारलेच नव्हते. आमच्याकडे मुलाखतीला आलेल्या कितीतरी हुशार मुलांचे हेच होत असे, आणि परीक्षेतले गुण भरपूर असूनही ती बाहेर पडत असत, हे पाहणे मला फार जड जाई.

याच्या जोडीला एक कंपनी निवडा. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना वर्षाच्या पहिल्या तीन तिमाहींचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत जाहीर करावे लागतात आणि ते शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. तुम्हाला मी खत किंवा बियाण्यांच्या धंद्यातली एखादी कंपनी सुचवेन, कारण तो धंदा तुम्ही लहानपणापासून दुकानाच्या गल्ल्यावर बसून पाहिला आहे. मृगाच्या पेरणीआधी माल उधारीवर का उचलला जातो, पाऊस लांबला की येणे कसे थकते, न खपलेले बियाणे परत कसे पाठवतात, हे माहीत असलेल्या माणसाला अशा कंपनीच्या ताळेबंदातला येण्याचा आणि साठ्याचा आकडा कसा बोलतो, हे समजायला वेळ लागत नाही. त्यावर दोन पानांचे टिपण स्वतःच्या शब्दांत लिहा आणि मुलाखतीला सोबत न्या. कर्ज विभागाच्या मुलाखतीत तर मी स्वतः त्या टिपणावरच अर्धा तास बोलत बसले असते.

ऐरोलीच्या कामाबद्दल माझे मत असे आहे की ते घ्यावे. मैत्रिणी म्हणतात त्यात तथ्य नाही असे नाही. तीच ती कागदपत्रे तपासत पाच-सहा वर्षे गेलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना पुढे हलणे खरोखर अवघड जाते. पण ती अडकतात ती बॅक ऑफिसमुळे नव्हे, तर समोरच्या पडद्यावर काय चालले आहे हे न विचारल्यामुळे. केवायसी म्हणजे पॅन आणि आधारच्या झेरॉक्स पडताळणे, एवढेच तुम्हाला वाटत असेल, तर एक उदाहरण देते. एका कंपनीचे खाते उघडायचे आहे. तिचे ३० टक्के शेअर दुसऱ्या एका कंपनीकडे आहेत आणि त्या दुसऱ्या कंपनीत एका गृहस्थांचा ४० टक्के वाटा आहे. ३० टक्क्यांचे ४० टक्के म्हणजे १२ टक्के. कागदावर त्या गृहस्थांचे नाव पहिल्या कंपनीत कुठेच नाही, तरी तिची १२ टक्के मालकी त्यांच्याकडे पोहोचते. अवैध संपत्ती शुभ्रीकरण (मनी लाँड्रिंग) प्रतिबंधक कायदा २००२ चा. त्याखालील नियमांत २०२३ साली बदल झाला आणि कंपनीच्या खऱ्या लाभार्थी मालकाची मर्यादा २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. आधीच्या नियमाने जे गृहस्थ नजरेआड राहिले असते, त्यांची आता ओळख पटवावी लागते. ही साखळी उलगडणारी व्यक्ती कारकून नसते. तिथून पुढे संशयास्पद व्यवहारांची छाननी, मग कंप्लायन्स किंवा जोखीम विभाग, अशी वाट निघते, आणि त्या वाटेवर चालायला एमबीएच्या नावापेक्षा हे डोके लागते.

होकार देण्यापूर्वी मात्र काही गोष्टी विचारून घ्या, आणि ईमेलवर उत्तर मागा. पेरोल एजन्सीचा असला तरी पीएफ कापला जाणार का आणि यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायम क्रमांक, मिळणार का. कारण तीच नोंद दीड वर्षाने तुमच्या खऱ्या अनुभवाची साक्ष देईल. बाँड आहे का, नोटीस किती महिन्यांची आहे, आणि एजन्सीच्या माणसांना बँकेच्या थेट नोकरीत घेतल्याचे प्रमाण कसे आहे, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर एचआरकडून नव्हे, तर तिथे आधीच काम करणाऱ्या एखाद्या मुलीकडून मिळेल. पाळी रात्री साडेनऊच्या पुढे जाणार असेल, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार त्यासाठी तुमची संमती लागते आणि घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. डोंबिवलीहून ठाण्याला येऊन ऐरोलीची गाडी पकडणे दिवसा ठीक आहे, रात्री नाही. आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नका. माझ्या पहिल्या नोकरीत, फोर्टमधील एका छोट्या पेढीने माझे पदवी प्रमाणपत्र 'फाइलला' म्हणून ठेवून घेतले आणि मी सोडते म्हणाले तेव्हा चार महिने परत दिले नाही. त्या चार महिन्यांत बँकेची एक नेमणूक माझ्या हातून जाता जाता राहिली. पाहायला मूळ कागद दाखवायचे, द्यायच्या त्या प्रती.

त्या नोकरीला मनातल्या मनात १८ महिन्यांची मुदत द्या. नऊ महिने झाले की आतल्या आत दुसऱ्या कामासाठी अर्ज करा, आणि दीड वर्षात काम बदलले नाही तर कंपनी बदला. १९ हजारांत मुंबईत राहणे ओढाताणीचे आहे, हे मी जाणते. पण रिकाम्या महिन्यांमुळे बायोडेटाची किंमत जितकी घसरते, तितकी लहान पगारामुळे घसरत नाही.

सीएफए आत्ता नको. ती परीक्षा उत्तम आहे आणि संशोधन किंवा फंड व्यवस्थापनात असलेल्यांना तिचा फायदा होतोच. पण तिच्या तीन पायऱ्या आहेत, शुल्क डॉलरमध्ये आहे, पहिल्याच पायरीचा खर्च अभ्याससाहित्यासह लाखाच्या घरात जातो, आणि तिन्ही पायऱ्या उत्तीर्ण झाल्यावरही सनद मिळायला किमान ३६ महिन्यांचा संबंधित अनुभव लागतो. म्हणजे ती नोकरीची जागा घेत नाही, नोकरीच्या जोडीने चालते. पुढच्या महिन्यात कर्जाचा हप्ता सुरू होणाऱ्या मुलीने अनिश्चिततेवर उतारा म्हणून आणखी एका परीक्षेची फी भरू नये. अभ्यास केल्याने आपण काहीतरी करत आहोत असे वाटते, आणि त्या वाटण्यात वर्ष निघून जाते. त्याऐवजी सेबीने २००६ साली स्थापन केलेल्या एनआयएसएम या रोखेबाजाराच्या प्रशिक्षण संस्थेची एक प्रमाणपत्र परीक्षा द्या. दलालाकडच्या अनुभवाला धरून सिक्युरिटीज ऑपरेशन्स आणि जोखीम व्यवस्थापनाची, म्हणजे सातव्या मालिकेची परीक्षा तुम्हाला योग्य आहे. सीएफएच्या मानाने तिचे शुल्क किरकोळ आहे आणि महिनाभर मन लावून वाचले तर ती जमते.

अर्जांबद्दल एवढेच, की ४३० हा आकडा मनातून पुसून टाका. एका बोटाने, एकाच बायोडेटाचे केलेले ते अर्ज बहुधा कोणी उघडूनही पाहिले नाहीत, त्यामुळे ४३० जणांनी तुम्हाला नाकारले असे मुळीच नाही. आठवड्याला आठ-दहा पुरे, पण प्रत्येक ठिकाणी ते काम आज करणाऱ्या एका माणसापर्यंत पोहोचा. तुमच्या संस्थेतून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले शोधा, आणि ठाण्याच्या त्या साहेबांपासून सुरुवात करा. ज्यांनी सात रकमांची ती गोष्ट पाहिली आहे, ते तुम्हाला विसरलेले नसतील. त्यांच्याकडे नोकरी मागू नका. 'मी ऑपरेशन्समध्ये काम शोधते आहे, आपल्या ओळखीत अशा विभागात कोणी असल्यास दहा मिनिटे बोलता येईल का' असा तीन ओळींचा संदेश पाठवा. माणसे नोकरी देऊ शकत नाहीत म्हणून संकोचतात, पण दहा मिनिटे द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत.

कर्जाच्या बाबतीत हप्ता थकण्याची वाट पाहू नका. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष इतकी सवलत असते आणि परतफेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. तुमच्या मंजुरीपत्रात मुदत किती आहे ते काढून पाहा, आणि याच महिन्यात शाखेत जाऊन हप्ता लहान करून मागण्याचा लेखी अर्ज द्या. त्याने व्याजाचा एकूण बोजा वाढेल, हे खरे आहे. पण थकबाकीची नोंद तुमच्या पतअहवालात गेली तर ती त्याहून महाग पडेल, आणि बँकेतली नोकरी मागणाऱ्या उमेदवाराला तर फारच. मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे. हप्ता चुकण्याआधी आलेल्या माणसाशी आम्ही जसे बोलत असू, तसे चुकल्यावर आलेल्याशी बोलणे नियमांमुळेही शक्य नसे.

राहिला परत जाण्याचा प्रश्न. ऐरोलीचे जमले नाही किंवा ते तुम्हाला मानवले नाही, तर स्वतःला दिवाळीपर्यंतची मुदत द्या आणि त्यानंतर गावाकडे निघा. त्याला मी हार म्हणणार नाही, कारण लातूर-उदगीरला वित्ताचे काम नाही हे खरे नाही. तिथल्या डाळ मिलला हंगामात तूर खरेदीसाठी खेळते भांडवल लागते, त्यासाठी बँकेला सीएमए डेटा, म्हणजे धंद्याच्या मागील आणि अंदाजित आकड्यांचे तक्ते, द्यावा लागतो, आणि तो नीट करून देणारी माणसे त्या भागात कमी आहेत. एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात दोन वर्षे हे काम केलेली मुलगी पुढे कोणत्याही बँकेच्या लघुउद्योग कर्ज विभागात मानाने जाऊ शकते. माझ्या सोबतचे दोन उत्तम कर्ज अधिकारी तालुक्याच्या गावांतूनच असे आले होते. बँकांच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षांना वयाच्या तिशीपर्यंत बसता येते, तोही मार्ग तुम्हाला मोकळा आहे. फक्त तो धरलात तर पूर्ण धरा, कारण नोकरीचा शोध आणि स्पर्धा परीक्षा हे दोन्ही अर्धे-अर्धे करताना मी कोणाचेच भले झालेले पाहिले नाही.

आणि बाबांना या रविवारी फोन त्यांचा येण्याआधी तुम्हीच करा. 'काही झाले का' याला 'नाही' एवढेच उत्तर असते, म्हणून ते तुम्हाला नकोसे होते. त्याऐवजी त्यांना त्या सात रकमांची गोष्ट सांगा. उधारीच्या वहीत कोणाचे पैसे कोणाच्या नावावर जमा झाले हे शोधण्यात ज्या माणसाची हयात गेली, त्याला आपली मुलगी काय करू शकते हे तुमच्या एमबीएच्या गुणपत्रिकेपेक्षा त्या गोष्टीतून जास्त कळेल. मग ऐरोलीचे सांगा, पगाराचा खरा आकडा सांगा, हप्त्याचे सांगा. बँकेत हप्ता कमी करण्याचा अर्ज करताना सहकर्जदार म्हणून त्यांची सही बहुधा लागेलच, तेव्हा मंजुरीपत्राची प्रतही त्यांच्याकडूनच मागवून घ्या.